मुलींसाठी घेतलेलं होकायंत्र

मुलगे डोंगरावर जायचे तेव्हा होकायंत्राची चौकशी कधी कुणी केली नव्हती. आमच्या शाळेचे पीटीचे सर दरवर्षी हिवाळ्यात पन्नास-साठ मुलगे घेऊन तुंगारेश्वरला जात, देवळाच्या मागून वर चढत, डोंगर ओलांडून कामणच्या अंगाला उतरत आणि एसटीने परत येत. सरांजवळ दिशादर्शक म्हणून एक शिट्टी असे. वाट चुकली की ते शिट्टी वाजवत, मग पुढची मुलं मागे येत, मागची पुढे धावत आणि सगळेच चुकत. एका वर्षी ती पलटण कामणऐवजी भलत्याच पाड्यावर उतरली होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी त्याला धाडस म्हटलं आणि मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी नववी-दहावीच्या बावीस मुलींना त्याच वाटेने नेण्यासाठी अर्ज केला, आणि संस्थेच्या कार्यकारिणीला एकाएकी दिशांची काळजी वाटू लागली. अध्यक्ष केळीचे आणि पानवेलीचे मोठे बागायतदार होते. वाडीतून उठून तसेच सभेला येत. कमरेला मागे लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. कोयत्यासकट ते शाळेच्या खुर्चीवर बसत, म्हणून त्यांच्या खुर्चीची पाठ कायम खरवडलेली असे. ते म्हणाले, "बाई, मुलींची जबाबदारी आहे. रानात चुकल्या तर लोकांना तोंड कोण देणार? एक खात्रीचं होकायंत्र घ्या, आम्हाला इथे तपासून दाखवा, मग बघू."

या 'मग बघू'चा अर्थ लग्नाची मुलगी घरात असलेल्या कुठल्याही बापाला कळला असता. मला कळला नाही, कारण मी बी. एड. होते. यंत्र मागितलंय तर यंत्र आणू, असं मला वाटलं.

खरं सांगायचं तर मुलींचं नाव पुढे करून मलाच जायचं होतं. आमच्या उमेळ्याच्या घरामागे विहिरीपाशी उभं राहिलं की पूर्वेला तो डोंगर आडवा पडलेला दिसे. श्रावणातल्या सोमवारी देवळापर्यंत मी अनेकदा गेले होते. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यासुद्धा चपला हातात घेऊन तिथवर जात, आणि त्यांना कुणी यंत्र विचारत नसे. पण देवळाच्या मागची वाट वर जाते ती मी कधी पाहिली नव्हती. चौदा वर्षांची असताना मी वडिलांना विचारलं होतं. "वाट चुकलीस तर?" एवढंच ते म्हणाले. स्वतः ते बाजारापलीकडे कुठे गेले नव्हते, पण वाटा चुकण्याविषयी त्यांची मतं पक्की होती. अर्ज केला तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि ती वरची वाट मला अजून हवी होती. इतकी की रोज सकाळी विहिरीवर तोंड धुताना मी तिकडेच बघत असे.

होकायंत्राची आकृती मी दहा वर्षं फळ्यावर काढत आले होते, पण खरं होकायंत्र हातात घेतलं नव्हतं. ही गोष्ट मी अर्थातच कुणाला सांगितली नाही. पाचूबंदरला एका विद्यार्थिनीच्या वडिलांची मासेमारीची बोट होती, तिथे गेले. ते वाळूत जाळं दुरुस्त करत बसले होते. बोटीवरचं होकायंत्र, ज्याला ते नुसतं होका म्हणत, त्यांनी मला काढून दाखवलं.

"कोनासाठी पायजे, बाय?"

मी डोंगराचं सांगितलं. "दर्यान समदीकडं पानी, तवा होका लागतो. डोंगर तर समोर दिसतो नी."

दिसत असला तरी कार्यकारिणीला दिसत नाही, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण मग नीट शिकवायला लागले. होका घेताना रूप बघायचं नाही, काटा बघायचा. लोखंड जवळ नेऊन काटा हलवायचा, लोखंड लांब न्यायचं आणि काटा परत त्याच रेघेवर येतो का ते बघायचं. "तीन दा बघ. दोन दा आला नि तिसऱ्या दा नाय, तर तो होका घेऊ नको. नि कोयता-सुरी समदा लांब ठेव." दहा वर्षांच्या शिकवण्यात मी मुलींना एवढं कामाचं काही सांगितलं नव्हतं.

खरेदीला मी एकटीने जाणं कार्यकारिणीला पसंत पडलं नाही. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार, म्हणून जाणकार या नात्याने पीटीच्या सरांना बरोबर दिलं. सर तरुणपणी एनसीसीत होते. त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोललं तरी पाच मिनिटांत एनसीसी येई.

मुंबईत फोर्टातल्या मोजमापाची उपकरणं विकणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने काचेवर तीन प्रकार मांडले. पहिलं पितळी, झाकणाचं, हातात घेतलं की हात खाली जाईल असं. झाकणाला आतून आरसा होता. सरांनी ते उघडलं, आरशात भांग नीट केला आणि म्हणाले, "हेच. आर्मीत हेच असतं." मी ते काचेवर सपाट ठेवलं. काटा थरथरत राहिला. मी मनात पन्नासपर्यंत आकडे मोजले तरी तो कुठे थांबायचं ते ठरवत होता. डोंगरावर बावीस मुली रांगेत उभ्या करून या काट्याच्या मनात काय आहे याची वाट बघत बसायचं का, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "वजन बघा त्याचं."

दुसरं विलायती. जांभळ्या मखमलीच्या पेटीत ते असं निजवलं होतं की सरांचा आवाजच खाली आला. पण काट्याचं दक्षिणेकडचं टोक खाली झुकून तबकडीला घासत होतं. मी म्हटलं, हे त्यांच्या देशासाठी तोललेलं आहे. तिथे पृथ्वीच्या चुंबकाची ओढ काट्याचं उत्तरेचं टोक जमिनीकडे जोरात खेचते, म्हणून ते दुसऱ्या टोकाला वजन लावतात. आपल्याकडे ती ओढ कमी, त्यामुळे वजनाचं टोकच खाली बसतं. दुकानदार मान हलवत होता, म्हणजे त्याला हे माहीत होतं आणि तरी तो ते विकत होता. सर मला म्हणाले, "तुम्ही आता विलायतेतल्या लोकांना भूगोल शिकवणार?" मखमल असली की काटा घासला तरी चालतो अशी पुष्कळ माणसं मी पुढे शाळेत पाहिली, पण सर त्यांतले पहिले.

तिसरं प्लास्टिकचं होतं. चपटी पारदर्शक पट्टी, तिच्यावर बाण आणि मापं, मध्ये गोल डबीत तेलासारखा द्रव आणि त्यात लाल टोकाचा काटा. हलवलं की काटा डोलायचा आणि एक-दोन-तीन म्हणेपर्यंत गपगार उभा राहायचा. दुकानातली कात्री मागून घेऊन मी तीनदा काटा हलवला, तीनदा तो त्याच रेघेवर आला. एकात हवेचा चांगला मोठा बुडबुडा होता, ते मी परत केलं. दुसऱ्यात बुडबुडा नव्हता, ते घेतलं. सर म्हणाले, "ही साबणाची डबी दाखवणार तुम्ही अध्यक्षांना?" परतताना वसई येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, हा त्या खरेदीतला आणखी एक फायदा.

घरी आल्यावर मी अंगणात बांबूची काठी रोवली, सकाळी आणि दुपारी सारख्या लांबीच्या सावल्यांची टोकं खुणावली आणि मधली उत्तर-दक्षिण रेघ काढली. पंपापासून आणि नळ्यांपासून लांब, केळींच्या पलीकडे. होकायंत्र रेघेवर ठेवलं आणि लाल टोक रेघेवर बरोबर बसलं. मला इतका आनंद झाला की आईला ओढत आणून दाखवलं. आई म्हणाली, "बरं आहे," आणि वाळत घातलेली सुकेळी उलटायला निघून गेली.

मग आठवडाभर शाळा सुटल्यावर मी मुलींना मैदानावर शिकवलं. पट्टी समोर धरायची, डबी फिरवायची, लाल काटा बाणावर आणायचा आणि चालायचं. जूचंद्रची एक मुलगी होती, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली, दहावीत. ती सगळ्यांत आधी शिकली आणि सगळ्यांत आधी कंटाळली. "बाई, वारा कुठून येतो त्यावरून पन समजतं," असं ती म्हणाली. मी तिला सांगितलं की वाऱ्यावर कार्यकारिणी परवानगी देत नाही. मला तेव्हा माझं उत्तर फार चतुर वाटलं होतं.

एवढं झाल्यावर मुख्याध्यापक मध्ये आले. शाळेत आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढली पाहिजे, तिच्यावर क्रमांक पडला पाहिजे आणि ती आपल्या वर्गवारीत ठेवली गेली पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. शाळेतलं घंटेचं लाकूड, पाण्याचं पिंप, सरस्वतीची तसबीर, सगळ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक होते. शिपायाने होकायंत्रावरही घातला, आणि पट्टीवर इतकी मोकळी जागा असताना नेमका दिशेच्या बाणावर घातला. मी अर्धा तास ब्लेडने खरवडत बसले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, क्रमांक दिसला पाहिजे." दिशा दिसली नाही तरी चालेल, हे त्यांनी म्हटलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

राहिली वर्गवारी. भूगोलाच्या यादीत नकाशे आणि पृथ्वीगोल एवढंच होतं, होकायंत्राला रकानाच नव्हता. मुख्याध्यापकांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला आणि यंत्र कुलपात गेलं. दिवाळीची सुट्टी लागली. यंत्र कपाटात सुरक्षित आहे, असं मला सांगितलं. मी कुठल्या कपाटात हे विचारलं नाही. सुट्टीभर मी मुलींच्या याद्या करत होते: कोण भाकरी आणणार, कोण दोरी, कोणाच्या घरी अजून कुणी समजावायचं.

सुट्टी संपल्यावर पहिल्या शनिवारी कार्यकारिणी पटांगणात जमली. मुख्याध्यापकांसह सात पुरुष, पीटीचे सर धरून आठ. मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. शिपायाने तबकात फुलं घालून त्यावर होकायंत्र ठेवून आणलं, आणि मी ते हातात घेण्याआधी अध्यक्षांना म्हणाले, "कोयता काढून तिकडे पायरीवर ठेवता का? लोखंडाने काटा फिरतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवळाखेरीज त्यांनी कोयता कुठे काढून ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी ठेवला. मुलींकडे वळून मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आता लाल टोक उत्तरेला, म्हणजे विरारच्या बाजूला थांबेल."

लाल टोक डोललं, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत गपगार थांबलं, आणि थेट दक्षिणेला, भाईंदरच्या खाडीकडे थांबलं.

मी पुन्हा हलवलं. पुन्हा खाडी. तिसऱ्यांदाही खाडीच. कोळ्याने सांगितलेली परीक्षा ते अगदी उत्तम पास होत होतं, फक्त उलटं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, विरार खाडीपलीकडे कधी गेलं?" आठही जण हसले. पीटीचे सर सगळ्यांत जास्त वेळ हसले. अध्यक्षांनी पायरीवरून कोयता उचलून आकडीत अडकवला. यंत्र सुट्टीभर कुठल्या कपाटात होतं, असं मी शिपायाला विचारलं.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. तिथल्या सहायकाने निमूटपणे कपाट उघडून दाखवलं. मुख्याध्यापकांचा लेखी हुकूम होता: सदर वस्तूत चुंबकाचा काटा असल्याने तिची वर्गवारी चुंबकीय साहित्य. म्हणून तीन आठवडे माझं होकायंत्र एका लाकडी पेटीत, सहा पट्टीचुंबक आणि दोन नालचुंबकांच्या मध्ये, क्रमांक वर करून निजलं होतं. एवढ्या शेजाऱ्यांत राहून त्या काट्याने पक्ष बदलला नसता तरच नवल. सगळ्या तालुक्यात त्याला बिघडवायची एकच जागा होती, आणि मुख्याध्यापकांनी ती नियमाला धरून शोधून काढली होती.

मी पेटीतला एक पट्टीचुंबक उचलला, पटांगणात परत आले आणि सगळ्यांच्या देखत काट्यावरून एकाच दिशेने दहा-बारा वेळा फिरवला. मग चुंबक शिपायाकडे देऊन त्याला फाटकापर्यंत पिटाळलं. लाल टोक विरारकडे वळलं आणि थांबलं. कारण काय, कसं झालं, सगळं मी सांगितलं. नीट सांगितलं, वर्गात सांगते तसं. मुख्याध्यापक आकाशाकडे बघत होते.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मघाशी खाडी होती, आता विरार झालं," ते म्हणाले. "आणि उद्या डोंगरात?"

"उद्या डोंगरात चुंबकाची पेटी नसेल."

"बाई, ज्याचं मन कुणीही हात फिरवून बदलतं, त्याच्या भरवशावर परक्यांच्या पोरी कशा पाठवू?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. यंत्र बेभरवशाचं आढळल्यामुळे मुलींची सहल तूर्त स्थगित, असा ठराव तिथेच उभ्याउभ्या झाला. सूचक पीटीचे सर. पुढच्याच रविवारी ते शिट्टी गळ्यात अडकवून मुलगे घेऊन तुंगारेश्वरला गेले, आणि त्या मुलग्यांच्या घरून कुणी साधी चिठ्ठीसुद्धा मागवली नव्हती. होकायंत्र परत चुंबकांच्या पेटीत गेलं. वर्गवारी काही बदलली नव्हती.

ही हकिकत मी पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगितली. लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या शिबिरात, दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना. विरार खाडीपलीकडे गेल्याचं ऐकलं की लोक पोट धरून हसत. अध्यक्षांची नक्कल मला छान जमायची, मुख्याध्यापकांची त्याहून छान. नाकाने कांदे सोलणाऱ्या आठ पुरुषांमध्ये एक शहाणी बाई, असं त्या गोष्टीचं रूप होतं, आणि ते रूप मला आवडत होतं. तूर्त स्थगित झालेली सहल पुन्हा मांडायला मी एकदाही गेले नाही. असल्या माणसांपुढे कोण तोंड उघडणार, असं म्हणत असे.

पाच-सहा वर्षांनी तुळिंजच्या बाजारात ती जूचंद्रची मुलगी भेटली. लग्न होऊन ती नालासोपाऱ्यात राहायला आली होती आणि दवाखान्यात नोकरी करत होती. मला बघून तिने भाजीवालीशी चाललेली घासाघीस अर्धी सोडली. इकडचं तिकडचं झालं आणि मी नेहमीप्रमाणे होकायंत्राची गोष्ट काढली. मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "बाई, आमी गेलतो की."

"कुठे?"

"डोंगरावर. ठराव झाला त्याच्या म्होरच्याच आठवड्यात. आमी चौघी जनी. घरी सांगितला, शालेत जादा तास हाय." त्या देवळाच्या मागून वर गेल्या, माथ्यावर बसून भाकऱ्या खाल्ल्या आणि कामणला उतरून एसटीने परत आल्या. वाट कशी सापडली, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. लाकडं आणणाऱ्या बायका रोज जातात त्या वाटेने, ती म्हणाली.

मी रागावले. खरंच रागावले, तिथे बाजारात, बाईंच्या आवाजात. चार पोरी रानात, काही झालं असतं तर? आणि निदान मला तरी सांगायचं होतं.

ती ओशाळली नाही. माझ्याबद्दल तिला माया होती, ती तिच्या तोंडावर दिसत होती, म्हणून तिने ते हळू आवाजात सांगितलं. "बाई, तुमाला सांगितला असता तर तुमी परवानगी मागायला गेला असता."

भाजीवाली तिला हाका मारत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, माथ्यावरून काय दिसतं? उमेळं दिसतं का, आमच्या बाजूची वाडी?

"तुमी गेलातच नाय अजून?" ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. शाळेतल्या बाई इतक्या वर्षांत साधा समोरचा डोंगर चढल्या नाहीत, हे तिला खरंच पटत नव्हतं.

परवानगी मिळाली नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी रविवार होता.